वरून खाली नियंत्रण म्हणजे काय? मेंदू, समुद्र, सरकार आणि आपला वर्ग



'टॉप-डाऊन' हा शब्द आजकाल सारखा कानावर येतो. प्रशिक्षणात कुणीतरी म्हणतं, "ही योजना टॉप-डाऊन आहे, त्यामुळे ती रुजत नाही." बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं तर तिथे 'टॉप-डाऊन लक्ष' असतं. वाचन शिकवण्याच्या पद्धतींमध्ये हाच शब्द येतो. विज्ञानाच्या पुस्तकात अन्नसाखळी समजून घ्यायला गेलो तर तिथेही तो भेटतो. संगणक शिकलेला भाचा सांगतो की प्रोग्रॅम लिहिण्याची सुद्धा टॉप-डाऊन पद्धत असते.

मग प्रश्न पडतो की इतक्या ठिकाणी वापरला जाणारा हा शब्द एकाच अर्थाने वापरतात की वेगवेगळ्या? आणि बऱ्याच वेळा तो थोडा वाईट अर्थाने का उच्चारला जातो? वरून येणारं नियंत्रण नेहमी वाईटच असतं का?

आजच्या लेखात आपण एकेका क्षेत्रात जाऊन हे बघूया. शेवटी आपल्या वर्गाकडे आणि घराकडे येऊया, कारण आपल्यासाठी खरा प्रश्न तिथेच आहे.

१) साधा अर्थ

कोणत्याही व्यवस्थेत काही भाग 'वरचे' असतात आणि काही 'खालचे'. वरचा म्हणजे मोठ्या पदावरचा असंच नाही. ज्या भागाला संपूर्ण चित्र दिसतं, ज्याच्याकडे उद्देश असतो किंवा ज्याच्यामुळे बाकीच्यांच्या वागण्यावर मर्यादा येते, तो वरचा भाग. प्रत्यक्ष काम जिथे घडतं, माहिती जिथे पहिल्यांदा पोहोचते, तो खालचा भाग.

वरच्या भागाने खालच्या भागाचं काम ठरवणं, वळवणं किंवा थांबवणं म्हणजे वरून खाली नियंत्रण, म्हणजेच टॉप-डाऊन कंट्रोल.

याच्या उलट, खालच्या भागातून आलेल्या माहितीमुळे किंवा साधनांमुळे वरचं काम ठरणं म्हणजे खालून वर, म्हणजेच बॉटम-अप.

एक घरगुती उदाहरण घेऊ. सोमवारी सकाळीच आईने ठरवलं की आज संध्याकाळी पुरणपोळी करायची, आणि त्याप्रमाणे डाळ, गूळ, कणीक आणली. हे वरून खाली. फ्रिज उघडला, त्यात अर्धा कोबी, दोन गाजरं आणि थोडा भात दिसला आणि त्यावरून फोडणीचा भात केला. हे खालून वर. दोन्ही पद्धतींनी जेवण होतंच. आणि रोजच्या स्वयंपाकात दोन्ही मिसळलेल्याच असतात.

२) आपल्या शरीरात

गरम तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो. हा निर्णय मेंदूने विचार करून घेतलेला नसतो. त्वचेकडून निघालेला संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूंना परत आदेश मिळतो. यालाच आपण प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. 'चटका बसला' हे मेंदूला जरा नंतर कळतं.

आता दुसरा प्रसंग. पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपात चहा भरला आहे आणि कप फार गरम आहे. बोटं भाजतायत, तरी तुम्ही कप टाकून देत नाही. चार पावलं चालून तो टेबलावर ठेवता आणि मगच हात झटकता. इथे मेंदूने मज्जारज्जूला सांगितलं, "थांब, कप फुटेल." खालची यंत्रणा 'सोड' म्हणत असताना वरच्या यंत्रणेने तिला काही सेकंद रोखून धरलं. हे वरून खाली नियंत्रण.

पण याला मर्यादा आहे. त्यासाठी श्वासाचं उदाहरण मुलांना छान पटतं. एरवी श्वास आपोआप चालतो, त्याची व्यवस्था मेंदूच्या खालच्या भागात, लंबमज्जेत असते. आपण ठरवून श्वास काही वेळ रोखू शकतो, म्हणजे वरचा मेंदू खालच्या व्यवस्थेवर ताबा घेतो. पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला की खालची व्यवस्था जोर धरते आणि आपल्याला श्वास घ्यावाच लागतो. शरीराने अशी सोय केली आहे की वरचा आदेश जीवावर उठला तर खालचा भाग तो मोडू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सरकारबद्दल बोलताना तो पुन्हा लागणार आहे.

३) लक्ष देण्यामध्ये

आपल्या कामाच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं क्षेत्र.

लक्ष दोन प्रकारे जातं. वर्गाबाहेरून बँड वाजत गेला की सगळ्यांच्या माना वळतात. हे खालून वर लक्ष, म्हणजे बाहेरच्या गोष्टीने ते ओढून घेतलं. आणि बँड वाजत असतानाही एखादी मुलगी गणित पूर्ण करते, तेव्हा तिने लक्ष वरून धरून ठेवलेलं असतं.

अल्फ्रेड यार्बस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने यावर एक सुंदर प्रयोग केला होता. १९६७ मध्ये त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि हा प्रयोग जगभर माहीत झाला. त्याने चित्रकार इल्या रेपिन याचं एक चित्र दाखवलं. त्यात बऱ्याच काळाने घरी परतलेला माणूस दारातून आत येतोय आणि घरातले लोक चकित होऊन बघतायत. चित्र तेच, बघणारा तोच, पण दर वेळी प्रश्न वेगळा. "यातल्या लोकांची वयं सांगा" म्हटलं की नजर चेहऱ्यांवर फिरायची. "घरची आर्थिक परिस्थिती कशी आहे?" म्हटलं की नजर कपड्यांवर आणि सामानावर जायची. म्हणजे डोळे कुठे जाणार हे फक्त चित्राने नाही, तर मनातल्या प्रश्नाने ठरवलं.

यातून आपल्याला थेट उपयोगाची गोष्ट मिळते. "पान ३२ उघडा आणि चित्र बघा" असं सांगितलं तर मुलं चित्र नुसतं बघतात. "या बाजाराच्या चित्रात वजन करायची साधनं किती आहेत ते शोधा" म्हटलं की तेच चित्र मुलं वाचायला लागतात. आधी प्रश्न, मग चित्र. आधी उद्देश, मग उतारा. एवढा क्रम बदलला तरी फरक दिसतो.

पण वरून धरलेल्या लक्षाची एक किंमतही असते. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. पांढऱ्या शर्टातले खेळाडू चेंडू किती वेळा पास करतात ते मोजायचं होतं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे होते, पण वरून आदेश होता 'पास मोज', म्हणून बाकीचं गाळलं गेलं.

आपल्या बाबतीतही हेच होतं. तपासणीचा तक्ता हातात घेऊन वर्गात फिरलो की तक्त्यातल्या गोष्टी दिसतात. कोपऱ्यात आज कुणाचा चेहरा उतरलाय ते दिसत नाही. म्हणून दिवसात पाच मिनिटं तरी हातात काहीही न घेता वर्ग नुसता बघावा.

४) वाचन शिकताना

वाचनातही दोन्ही प्रवाह चालतात. अक्षर, मग काना-मात्रा, मग शब्द, मग वाक्य असं चढत जाणं म्हणजे खालून वर. आणि आधीच्या माहितीवरून, संदर्भावरून पुढचा शब्द ओळखणं म्हणजे वरून खाली.

"आईने ताटात गरम गरम पो_ वाढली." इथे एक अक्षर गायब आहे, पण तुम्ही 'पोळी' असंच वाचलं असेल. हे ज्ञान तुमच्या डोळ्यांनी आणलं नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरातून आलं. ज्या मुलाच्या घरी रोज भाकरी असते आणि ज्याची घरची बोली वेगळी आहे, त्याला ही मदत तितकी मिळत नाही. त्याला 'पो' नंतर अडायला होतं आणि आपण म्हणतो, "याला वाचता येत नाही." खरं तर अक्षरओळख ठीक असते, वरून येणारा संदर्भ कमी पडत असतो. म्हणून पाठ सुरू करण्याआधी त्या विषयावर त्यांच्या बोलीत गप्पा मारणं हा वेळेचा अपव्यय नाही. ती वाचनाची तयारीच आहे.

दुसऱ्या टोकाची मुलंही आपल्याला भेटतात. चित्रात झोपडी दिसते, खाली 'घर' लिहिलेलं असतं आणि मूल मोठ्याने वाचतं 'झोपडी'. इथे वरून येणारा अंदाज इतका जोरात असतो की खालची अक्षरं बघितलीच जात नाहीत. अशा मुलाला चित्र झाकून शब्द वाचायला द्यावेत. जो अक्षरांत अडकतो त्याला संदर्भ द्या, जो अंदाजावर पळतो त्याला अक्षरांकडे आणा. एकच उपाय सगळ्यांना चालत नाही.

५) निसर्गात

आता जरा वर्गाबाहेर, समुद्रकिनाऱ्यावर जाऊ.

अन्नसाखळीत खाली वनस्पती, त्यावर शाकाहारी प्राणी, त्यावर मांसाहारी हे आपण शिकवतो. खत-पाणी-ऊन जास्त मिळालं की वनस्पती वाढतात, मग त्यांना खाणारे वाढतात, मग त्यांना खाणारे वाढतात. हे खालून वर नियंत्रण. पण १९६० मध्ये हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबोडकिन या तीन शास्त्रज्ञांनी उलटा प्रश्न विचारला. एवढे पानं खाणारे जीव असताना पृथ्वी हिरवी कशी राहते? त्यांचं उत्तर असं की शिकारी प्राणी पानं खाणाऱ्यांची संख्या दाबून ठेवतात, म्हणून हिरवळ टिकते. म्हणजे वरून खाली नियंत्रण.

हे प्रत्यक्ष दाखवलं रॉबर्ट पेन यांनी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी १९६३ पासून एका ठरावीक पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात दूर फेकायला सुरुवात केली. शेजारच्या पट्ट्याला हात लावला नाही. तारामासा तिथला मोठा शिकारी, शिंपल्यांवर जगणारा. तो गेल्यावर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि बाकीच्यांना राहायला खडकच उरला नाही. १९६६ मध्ये पेन यांनी लिहिलं की त्या पट्ट्यातल्या प्रजाती १५ वरून ८ वर आल्या. पुढे अशा प्राण्यासाठी त्यांनी 'कीस्टोन प्रजाती' हा शब्द दिला. दगडी कमानीतला मधला दगड काढला की कमान ढासळते, तसा हा प्राणी.

समुद्री ऊदमांजराची गोष्टही अशीच आहे. उत्तर पॅसिफिक महासागरात फरसाठी त्यांची प्रचंड शिकार झाली आणि १९११ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं. १९७४ मध्ये एस्टेस आणि पामिसानो यांनी अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांची तुलना केली. जिथे ऊदमांजरं होती तिथे समुद्रात केल्प नावाच्या शेवाळाची दाट जंगलं होती. जिथे ती नव्हती तिथे काटेरी समुद्री अर्चिन माजले होते आणि त्यांनी केल्प खाऊन तळ उघडा केला होता. ऊदमांजर केल्पला हातही लावत नाही, पण अर्चिन खाऊन केल्प वाचवतं.

मुलांना हे सांगताना एक प्रश्न नक्की विचारा: "तारामासा शिंपल्यांचा शत्रू की किनाऱ्याचा मित्र?" चर्चा छान रंगते. वरचा घटक धाक दाखवतो, पण त्याच धाकामुळे दुबळ्यांना जागा मिळते. वर्गातही दोन-तीन हुशार, बोलकी मुलंच सगळी उत्तरं देतात. तिथे शिक्षकाने त्यांना थांबवलं नाही तर बाकीच्यांना 'खडक' उरत नाही. म्हणजे वरचं नियंत्रण काही वेळा कमजोरांसाठी आवश्यक असतं.

६) संगणक आणि आपलं नियोजन

हे थोडक्यात बघू. निक्लाउस विर्थ यांनी १९७१ मध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची एक पद्धत मांडली. आधी मोठं काम एका वाक्यात लिहायचं, मग त्याचे तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांचे तुकडे, असं करत अगदी लहान पायरीपर्यंत यायचं. आपण वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन आणि पाठ टाचण करतो ते हेच आहे. फरक एवढाच की संगणक आजारी पडत नाही, त्याच्या गावात जत्रा नसते आणि ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर तो जात नाही. म्हणून आपलं नियोजन वरून खाली उतरलं तरी दर महिन्याला खालून वर दुरुस्त व्हावं लागतं.

७) राज्यकारभारात

'टॉप-डाऊन' हा शब्द वाईट अर्थाने येतो तो बहुतेक इथूनच. दोन खरी उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं उदाहरण: चीनमधल्या चिमण्या. १९५८ मध्ये माओ यांच्या काळात चीनमध्ये चार उपद्रवी जीव संपवण्याची मोहीम सुरू झाली. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्या धान्य खातात म्हणून त्या यादीत होत्या. आदेश वरून आला आणि देश कामाला लागला. लोक ताटं-डबे बडवत राहायचे, म्हणजे चिमण्यांना कुठे बसता येऊ नये आणि त्या दमून खाली पडाव्यात. शाळकरी मुलंसुद्धा यात होती. चिमण्या प्रचंड संख्येने मेल्या. पण चिमण्या नुसतं धान्य खात नाहीत, किडेही खातात, पिल्लांना तर मुख्यतः किडेच भरवतात. चिमण्या गेल्यावर पिकांवरची कीड वाढली. १९६० मध्ये चिमण्यांचं नाव यादीतून काढून तिथे ढेकूण घातले.

बघा, इथे दोन वरून खाली नियंत्रणं एकमेकांना भिडली. सरकारी आदेशाने निसर्गातलं कीड-नियंत्रण मोडलं.

याच काळात चीनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि कोट्यवधी माणसं मेली. त्याचं कारण फक्त चिमण्या नव्हत्या, अनेक चुकीची धोरणं होती. त्यातली एक गोष्ट आपल्याला विचार करायला लावते. वरून उत्पादनाची उद्दिष्टं येत होती आणि ती पूर्ण न झाल्याचं सांगायची खालच्यांना भीती होती. मग पिकाचे आकडे फुगवून वर पाठवले गेले. त्या खोट्या आकड्यांवरून सरकारने गावांकडून धान्य उचललं आणि गावात खायला उरलं नाही. आदेश खाली येण्याचा रस्ता उघडा होता, पण खरी माहिती वर जाण्याचा रस्ता बंद झाला होता. शरीरातल्या श्वासासारखी 'मोडण्याची सोय' तिथे उरली नव्हती.

दुसरं उदाहरण: आपली पोलिओ मोहीम. तारीख वरून ठरायची, लस वरून यायची, पद्धत सगळ्या देशात एकच. म्हणजे पूर्ण टॉप-डाऊन. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळालं. हे कसं जमलं? कारण वरून आदेश जितका पक्का होता तितकीच खालून माहितीही पक्की येत होती. घरोघर जाणारे कार्यकर्ते दारावर खडूने खूण करायचे. सगळ्या बाळांना डोस मिळाला तर 'पी', कुणी राहिलं असेल तर 'एक्स'. 'एक्स' लिहिणं हा गुन्हा नव्हता. उलट 'एक्स' असलेल्या घरी पुन्हा जायचं हेच काम होतं. राहिलेलं बाळ लपवण्याऐवजी दाखवलं जात होतं.

माझ्या मते या दोन उदाहरणांतला फरक इथेच आहे. नियंत्रण वरून आहे की नाही हा प्रश्न दुय्यम. 'राहिलंय' असं खालच्याला न घाबरता सांगता येतं की नाही, हा खरा प्रश्न.

आता शाळेकडे बघा. पायाभूत चाचणीचे गुण भरायचे असतात. तिसरीतल्या आठ मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. हे लिहिलं तर आपल्याला मदत मिळणार की नोटीस? ज्या ठिकाणी मदत मिळते तिथे आकडे खरे येतात. जिथे नोटीस येते तिथे कागदावर सगळी मुलं प्रगत होतात आणि पाचवीत गेल्यावर ती आठ मुलं कुणालाच सापडत नाहीत. त्यांच्या दारावरची 'एक्स'ची खूण कुणीतरी पुसून टाकलेली असते.

खालून वर रस्ता कायद्यानेही दिलेला आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. पालकहो, ही समिती म्हणजे फक्त सहीचं रजिस्टर नाही. वरच्या आदेशाला खालची खरी माहिती जोडण्याची ती जागा आहे.

आणि महाराष्ट्रात याचं जुनं उदाहरणही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, ती गुरं चारायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. अंगणात अंगणवाडी, कुरणावर कुरणशाळा. मुलं कुठे आहेत त्यावरून शाळा कशी असावी हे ठरलं.

८) नियंत्रण आत जातं तेव्हा

आता मुख्य मुद्दा. मूल लहान असतं तेव्हा त्याचं वरून खाली नियंत्रण त्याच्या डोक्यात नसतं, ते आपल्यात असतं. "थांब, गरम आहे." "आधी हात धू." "एक एक जण बोला." कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग, जो थांबवतो, ठरवतो, नियोजन करतो, तो सगळ्यात शेवटी पक्व होतो. पंचविशीच्या आसपासपर्यंत त्याची वाढ चालू असते. त्यामुळे पहिलीतल्या मुलाने मोठ्यासारखं स्वतःला आवरावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी एक गोष्ट नीट टिपली होती. लहान मुलं अवघड काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात. "आता हा लाल ठोकळा इथे... नाही नाही, आधी मोठा." हे बोलणं म्हणजे आईचं किंवा बाईंचं बोलणं मुलाने उचललेलं असतं. हळूहळू ते कुजबुजीत जातं आणि शेवटी मनातल्या मनात होतं. म्हणजे बाहेरचं नियंत्रण असं आत जातं. म्हणून गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला "गप्प बस" म्हणू नका. तो स्वतःचा शिक्षक होतोय.

ज्या वर्गात नियंत्रण कायम शिक्षकाच्या हातातच राहतं, तिथे काय होतं हे आपण सगळे जाणतो. गुरुजी बाहेर गेले की गोंधळ, मग मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो, गुरुजी आले की चिडीचूप. द्विशिक्षकी शाळेत हे फार महागात पडतं. एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग. तेव्हा मुलं स्वतःहून काम करू शकली नाहीत तर तो दिवस वाया जातो. आणि असे दिवस वर्षात कमी नसतात.

घरीही तसंच. "दप्तर भरलंस का? डबा घेतलास का? बाटली?" हे पहिलीत ठीक आहे. सहावीतही रोज तेच विचारावं लागत असेल तर लक्षात ठेवणारा मेंदू अजून आईचाच आहे. तो मुलाकडे सोपवण्याच्या पायऱ्या अशा करता येतील:

• आधी आपण मुलासमोर करायचं आणि मोठ्याने बोलायचं: "आज पीटी आहे, म्हणून बूट."
• मग दोघांनी मिळून दाराजवळ चित्रांची यादी लावायची: वही, डबा, बाटली, रुमाल.
• मग मुलाने यादी बघायची, आपण फक्त विचारायचं, "काही राहिलं का?"
• शेवटी आपण काहीच विचारायचं नाही. एखाद दिवशी डबा राहील. त्या दिवशी शाळेत खिचडी असते, मूल उपाशी राहत नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा आठवतो.

चौथी पायरी पालकांना जड जाते. पण ती गाळली तर आधीच्या तीनही वाया जातात.

९) वर्गात घेण्यासारखे खेळ

यासाठी विकतचं काही लागत नाही. आपले जुने खेळच उपयोगी आहेत.

चिमणी उडाली भुर्र: सगळ्यांनी बोटं जमिनीवर ठेवायची. "चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र!" म्हशीला ज्याचं बोट वर गेलं तो आऊट. कानावर आलेल्या 'भुर्र'ला हात आपोआप उठतो, त्याला डोक्याने थांबवायचं असतं.

शिवाजी म्हणतो: "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटलं तरच करायचं, नुसतं "हात वर" म्हटलं तर नाही. इथे आदेश ऐकण्याआधी नियम आठवावा लागतो.

रंगांची गंमत: फळ्यावर निळ्या खडूने 'लाल', पिवळ्या खडूने 'हिरवा' असे शब्द लिहा. मुलांनी शब्द न वाचता खडूचा रंग सांगायचा. हा प्रयोग १९३५ मध्ये जॉन स्ट्रूप यांनी मांडला. ज्या मुलांना वाचन चांगलं जमतं तीच जास्त अडखळतात, कारण त्यांचं वाचन आपोआप होतं. पहिलीतल्या न वाचणाऱ्या मुलाला हे सोपं जातं, आणि त्या दिवशी तो वर्गात जिंकतो!

नियम मुलांचे: महिन्यातून एकदा वर्गाचा एक नियम मुलांनी ठरवायचा, आठवडाभर वापरून बघायचा आणि शनिवारी बदलायचा की ठेवायचा हे ठरवायचं. शिक्षकाने फक्त कुणावर अन्याय होत नाही ना एवढं बघायचं.

थोडक्यात

• शरीरात वरचा मेंदू खालच्या क्रियांना रोखतो, पण जीवावर बेतलं की खालचा भाग आदेश मोडतो.
• लक्ष आणि वाचनात उद्देश व संदर्भ वरून येतात, अक्षरं व आवाज खालून येतात. दोन्ही लागतात.
• निसर्गात वरचा शिकारी खालच्या विविधतेला जागा करून देतो.
• कारभारात वरचा आदेश तेव्हाच चालतो जेव्हा खालची खरी माहिती न घाबरता वर जाते.
• मुलांच्या बाबतीत वरचं नियंत्रण हे हळूहळू त्यांच्या आत जाण्यासाठी असतं.

यापुढे कुणी "हे टॉप-डाऊन आहे" म्हणालं की तीन प्रश्न विचारून बघा. वरच्याला संपूर्ण चित्र दिसतंय का? खालच्याला 'नाही जमलं' असं सांगायची सोय आहे का? आणि हे नियंत्रण कधीतरी खालच्याच्या हातात जाणार आहे का? शासनाच्या योजनेला हे प्रश्न लागू होतात, आपल्या वर्गाच्या नियमांना लागू होतात आणि घरातल्या दप्तराच्या यादीलाही.

तुमच्या वर्गात मुलं स्वतःहून काम करावीत म्हणून तुम्ही काय करता, तेही एकमेकांना जरूर सांगा. दोन शिक्षकी शाळांना त्याचा फार उपयोग होतो.